काळजी घेणाऱ्या घरच्यांना नेमकी कोणती मदत हवी? चार प्रश्नावल्या आणि सात कार्डं, कोकणाच्या कसोटीवर

कॅन्सरचे उपचार संपले की रुग्णालयाच्या लेखी केस ‘फॉलो-अप’मध्ये जाते. घरच्यांचं काम मात्र तिथून वाढतं. या घरच्यांसाठी काहीतरी करावं असं वाटणाऱ्या संस्था, रुग्णालयांचे समाजसेवा विभाग, मुंबईतली ग्रामस्थ मंडळं रत्नागिरी-सिंधुदुर्गात कमी नाहीत. पैसा मात्र बेताचा असतो आणि त्यात धड एकच सेवा चालवता येते. मग एक कागद छापला जातो: ‘खालीलपैकी कोणती मदत हवी? खूण करा.’ गाडी, नर्स, समुपदेशन, औषधं, सगळ्यांवर खुणा होऊन कागद परत येतो. होणारच. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नको कोण म्हणेल? शेवटी समितीतल्या वजनदार माणसाला जे पटतं तेच सुरू होतं, आणि सहा महिन्यांनी ‘लोक येतच नाहीत हो’ अशी तक्रार ऐकू येते.

हे टाळायला तयार साधनं आहेत. त्यातल्या चार प्रश्नावल्या आणि एक कार्डपद्धत इथे तपासली आहे. कसोटी एकच: मंडणगडपासून दोडामार्गपर्यंत कुठल्याही वाडीत, गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी) किंवा समाजसेवक दर्जाच्या कार्यकर्त्याने वापरली, तर सेवा निवडायला उपयोगी पडेल असं उत्तर हाती लागतं का? निकाल आधीच सांगतो. गरज ओळखायला सीएसनॅट ही १४ प्रश्नांची प्रश्नावली घ्या, पसंती मोजायला कार्डं वापरा. बाकीची तीन आपापल्या जागी ठीक आहेत, पण त्या जागा वेगळ्या आहेत.

आधी काम काय आहे ते बघू, कारण त्यावरच साधनाची परीक्षा होते. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरनंतर पहिल्या वर्षी साधारण दर १ ते ३ महिन्यांनी तपासणी असते, दुसऱ्या वर्षी २ ते ६ महिन्यांनी, पुढे तिसऱ्या ते पाचव्या वर्षी ४ ते ८ महिन्यांनी. मानेला रेडिएशन झालं असेल तर ६ ते १२ महिन्यांनी थायरॉईडची टीएसएच तपासणी. जबडा आखडू नये म्हणून रोजचा व्यायाम. तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडायला लागलं की तो आखडलाच म्हणायचा. नाकातून नळी असेल तर डोकं उशाशी ३० ते ४५ अंश उंच ठेवून भरवायचं आणि नंतर नळी पाण्याने धुवायची. पोटावर शौचाची पिशवी असेल तर ती एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, चकती बसवताना भोक स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावर केलेल्या शौचाच्या तोंडापेक्षा, २-३ मिलिमीटरच मोठं कापायचं. भोक मोठं झालं तर मळ कातडीवर उतरतो आणि कातडी सोलवटते. मे महिन्याच्या घामात चकतीचा गोंद लवकर सुटतो, म्हणजे पिशव्या जास्त लागतात. स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेतल्या गाठी काढलेल्या बाईचा हात सुजत असेल तर लावणीच्या चिखलात तो घालणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. तिचं लावणीचं काम मग घरातल्या दुसऱ्या बाईवर.

ही सगळी कामं एक माणूस करतं. बहुतेक ठिकाणी बायको, सून किंवा लग्न न झालेली बहीण. निर्णय मात्र डोंबिवली-विरारहून फोनवर होतात, कारण पैसे तिथून येतात. आणि तपासणीला जायचं ते परळच्या टाटाला किंवा खारघरला, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. सावंतवाडी-दोडामार्गची माणसं गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात. दापोली, मंडणगड, गुहागरवाल्यांना रेल्वे गाठायलाच आधी खेड किंवा चिपळूणपर्यंत यावं लागतं. जी प्रश्नावली ‘मदत हवी का’ एवढंच विचारते आणि ‘कुठे, कधी, कोणाकडून’ हे विचारत नाही, ती इथे अर्धीच उपयोगाची.

सुरुवात सगळ्यात ओळखीच्या झरीटपासून. स्टीव्हन झरीट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ही प्रश्नावली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी केली. आज २२ प्रश्नांचं रूप चालतं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ० ते ८८. साधारणपणे २० पर्यंत भार नगण्य, २१ ते ४० सौम्य ते मध्यम, ४१ ते ६० मध्यम ते जास्त, त्यापुढे तीव्र असं वाचलं जातं. १२ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं, बेरीज कोणीही करू शकतं, सहा महिन्यांनी पुन्हा भरून फरक बघता येतो. एवढ्या जमेच्या बाजू.

अडचण अशी की झरीट ओझं किती हे सांगते, ओझं कशाने उतरेल हे सांगत नाही. ५२ गुणांच्या सुनेला नर्स हवी की गाडी, कागद मुका. दुसरी अडचण प्रश्नांच्या सुराची. आजाऱ्याची लाज वाटते का, त्याचा राग येतो का, याची काळजी दुसऱ्या कोणावर सोपवावी असं वाटतं का, असे प्रश्न त्यात आहेत. सासू पलीकडच्या खोलीत आणि दार उघडं असताना या प्रश्नाला ‘नेहमी’ असं उत्तर कोणती सून देईल? बहुतेक ठिकाणी ‘कधीच नाही’ येतं, बेरीज १२ होते आणि ती बाई ‘भार नसलेली’ म्हणून यादीतून गळते. गुण कमी आले म्हणून सेवा नाकारायला झरीट कधीही वापरू नका. गुण जास्त आले तर मात्र ते गंभीरपणे घ्या, कारण इतक्या संकोचातूनही ते वर आलेले असतात.

एससीएनएस-पी अँड सी हे दुसरं साधन, लांबलचक नावाचं. कॅन्सरच्या रुग्णांचे जोडीदार आणि सांभाळणारे यांच्या गरजांची ही पाहणी ऑस्ट्रेलियातल्या गटाने केली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ४४ प्रश्न, चार गटांत: आरोग्यसेवेविषयीच्या गरजा, मानसिक-भावनिक, काम आणि सामाजिक जीवन, माहिती. विद्यापीठाच्या अभ्यासासाठी हेच घ्या. कॅन्सरच्या घरच्यांसाठीच बनलेलं आहे आणि जगभर वापरलं गेल्यामुळे तुलनेला आकडे मिळतात.

वाडीत नेल्यावर घोटाळा होतो तो उत्तरांच्या रकान्यांत. पाच रकाने आहेत. पहिला: गरज नाही, हा प्रश्न आपल्याला लागूच नाही. दुसरा: गरज होती, ती भागली. तिसरा, चौथा, पाचवा: गरज आहे, अनुक्रमे थोडी, मध्यम, खूप. पहिला आणि दुसरा रकाना तोंडी विचारताना एकमेकांत मिसळतात. ‘वेदनांबद्दल माहिती हवी होती का?’ ‘नको, आता बरं आहे त्यांचं.’ हे पहिल्यात टाकायचं की दुसऱ्यात? आणि ज्या घरात समुपदेशक हा प्रकार कोणी बघितलेलाच नाही, तिथे ‘गरज नाही’चा अर्थ बऱ्याचदा ‘असं काही असतं हेच माहीत नाही’ असा असतो. म्हणजे जिथे सेवा अजिबात पोहोचलेली नाही तिथेच गरज सगळ्यात कमी दिसते! हा कागद वापरायचाच तर प्रश्न दोन टप्प्यांत फोडा. आधी ‘या गोष्टीची अडचण कधी आली का?’, हो म्हटलं तरच ‘ती सुटली का, की अजून आहे?’, आणि अजून आहे म्हटलं तरच थोडी-मध्यम-खूप. वेळ वाढतो, ४४ प्रश्नांना पाऊण तास सहज जातो, आणि तिसाव्या प्रश्नानंतर सगळी उत्तरं एकाच रकान्यात पडायला लागतात. भरलेल्या कागदावर शेवटचे दहा प्रश्न ओळीने ‘३’ असतील तर ती गरज नव्हे, कंटाळा. एकाच दिवसात संपवण्याऐवजी दोन बैठकांत करा, किंवा चार गटांचा क्रम घरागणिक बदला, म्हणजे दर वेळी तोच गट कंटाळ्याचा बळी होणार नाही.

कॅस्पनवर फार वेळ घालवत नाही. २००७ मध्ये आलेलं हे साधन कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांच्या जोडीदारांसाठी आहे: ३५ गरजा, ६ प्रश्न आजारपणानंतर झालेल्या चांगल्या बदलांबद्दल आणि शेवटी एक मोकळा प्रश्न. ‘उपचार संपल्यानंतर’ हा काळ नेमका धरणारं चौघांत हेच एक, ही मोठी गोष्ट. पण जोडीदारांपुरतंच. कोकणात काळजी घेणारी व्यक्ती सून, मुलगी, भावजय असण्याची शक्यता तेवढीच आहे, आणि तिच्यापुढे पती-पत्नीच्या संबंधांवरचे प्रश्न ठेवणं म्हणजे दोघांनाही अवघडवणं. बऱ्या झालेल्या रुग्णांसाठीचं याचं जुळं भावंड, कॅसन, त्यात रुग्णालयाजवळ गाडी लावायला जागा आणि प्रवासविमा असेही प्रश्न आहेत. लाल डब्यातून उतरून रिक्षा शोधणाऱ्याला पार्किंगचं काय विचारता? कॅस्पनमधला शेवटचा मोकळा प्रश्न मात्र उचलण्यासारखा आहे. तो कुठल्याही कागदाच्या शेवटी जोडा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत, मालवणीत तर मालवणीत, लिहून घ्या.

आता सीएसनॅट. ब्रिटनमध्ये गेल युइंग आणि गन ग्रांडे यांनी घरी अखेरच्या आजारातल्या माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी हे तयार केलं. मूळ रूपात १४ प्रश्न. सात प्रश्न आजाऱ्याला सांभाळता यावं यासाठीच्या मदतीचे: आजार समजणं, त्रास आणि औषधं सांभाळणं, अंघोळ-कपडे-शौच, काही झालं तर कोणाला विचारायचं, लागणारी उपकरणं, आजाऱ्याशी आजाराबद्दल बोलणं, पुढे काय होईल याची कल्पना. उरलेले सात सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचे: दिवसात स्वतःसाठी वेळ, पैसा-कायदा-नोकरी, मनातली भीती, स्वतःची तब्येत, श्रद्धा, घरकामात हातभार, रात्रीची विश्रांती. प्रत्येक प्रश्न ‘यात अजून मदत हवी का?’ असा, आणि उत्तरं चार: नको, थोडी अजून, बरीच अजून, खूपच अजून.

‘अजून’ हा शब्द सगळं काम करतो. जे मिळतंय ते बाजूला ठेवून उरलेलं काय तेवढंच विचारलं जातं, त्यामुळे एससीएनएसमधला पहिल्या-दुसऱ्या रकान्याचा गोंधळ इथे उद्भवतच नाही. आणि ‘मी कमी पडते का?’ असा सूर कुठेच नाही, म्हणून संकोच कमी. १४ प्रश्न पडवीत बसून दहा मिनिटांत होतात.

पण हा नुसता कागद घेऊन गेलात तर पैसे पाण्यात. करणाऱ्यांनी पाच टप्पे सांगितलेत: साधनाची ओळख करून देणं, सांभाळणाऱ्याला विचाराला वेळ देणं, मग बसून बोलणं, दोघांनी मिळून काय करायचं ते ठरवणं, आणि काही दिवसांनी पुन्हा बघणं. आपल्याकडे दुसरा टप्पा सरळ गाळला जातो. कार्यकर्ती कागद काढते, तिथल्या तिथे भरून घेते, पुढच्या घरी जाते. त्याऐवजी कागद आदल्या आठवड्यात आशाताईच्या हाती पोचवा. वाचता येत नसेल तर तिने एकदा मोठ्याने वाचून दाखवावा आणि निघावं. उत्तरं आठ दिवसांनी घ्या. बोलण्यासाठी अर्धा-पाऊण तास वेगळा धरा, आणि १४ पैकी सगळ्यांवर न बोलता ‘आज यातलं एकच सुटलं तर कुठलं?’ एवढ्यावर या. वापरायला परवाना लागतो, भाषांतरही परवानगीनेच करायचं. कुठूनतरी मिळालेली झेरॉक्स चालवू नका.

उपचार संपलेल्या घरांसाठी वापरताना दोन जागी सांभाळा. ‘पुढे काय होईल’ हा प्रश्न मुळात शेवटच्या दिवसांसंदर्भातला आहे. बरं झालेल्या माणसाच्या घरात तोच प्रश्न ‘आजार उलटेल का?’ या भीतीला हात घालतो, तेव्हा विचारणाऱ्याला तपासणीचं वेळापत्रक आणि धोक्याच्या खुणा सांगता आल्या पाहिजेत: तीन आठवड्यांवर न भरणारी जखम, नवी गाठ, गिळताना अडकणं. दुसरी जागा आजाऱ्याशी बोलण्याच्या प्रश्नाची. अजूनही पुष्कळ घरांत आजाऱ्याला कॅन्सरचं नाव सांगितलेलं नसतं, ‘गाठ होती, काढली’ एवढंच. तो खाटेवर ऐकत असताना हा प्रश्न मोठ्याने वाचलात तर घरात जे घडेल त्याला तुम्ही जबाबदार. दोघांनी जावं. एकाने आजाऱ्याशी गप्पा माराव्यात, दुसऱ्याने खळ्यात किंवा विहिरीकडे जाऊन विचारावं.

सीएसनॅट गरज दाखवते आणि तिथेच थांबते. ‘रात्रीची विश्रांती: खूपच अजून’ असं आलं. मग रात्री घरात परकी बाई झोपलेली चालेल? की दिवसा चार तास कोणी बसलं तर पुरे? की मुळात तपासणीला जाऊन-येऊन मोडणाऱ्या रात्री वाचल्या तरी भागेल? गरज एकच, तिच्यावरच्या सेवा तीन, आणि त्यांचा खर्च अगदी वेगवेगळा. इथे पसंती मोजावी लागते, आणि पसंती निवड केल्याशिवाय कळत नाही.

निवड करायला लावणारी सोपी पद्धत म्हणजे ‘सर्वात हवं – सर्वात नको’ कार्डं. सात सेवा घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी आमची यादी अशी: (१) महिन्यातून एकदा घरी येणारी नर्स, (२) तपासणीच्या दिवशी घरापासून स्टेशन किंवा रुग्णालयापर्यंत गाडी, (३) आठवड्यातून एकदा चार तास आजाऱ्यापाशी बसणारं माणूस, (४) सकाळी ९ ते रात्री ८ फोन उचलणारी एकच ठरलेली व्यक्ती, (५) योजना आणि सवलतींची कागदपत्रं करून देणारं कोणी, (६) तालुक्याला महिन्यातून एकदा काळजी घेणाऱ्यांची बैठक, (७) समुपदेशकाशी एकट्याने बोलणं. आता कार्डं सात, प्रत्येकावर तीन सेवा: १-२-३, १-४-५, १-६-७, २-४-६, २-५-७, ३-४-७, ३-५-६. जुळवून बघा, प्रत्येक सेवा बरोबर तीनदा येते आणि कोणत्याही दोन सेवा एकमेकींसमोर नेमक्या एकदाच. हा तोल महत्त्वाचा. मनाने कार्डं केलीत तर एखादी सेवा कायम दुबळ्या जोडीदारांबरोबर येते आणि फुकटची जिंकते.

प्रत्येक कार्डावर विचारायचं: या तिघांत सगळ्यात जास्त कामाची कुठली, सगळ्यात कमी कामाची कुठली? तिन्ही हव्यात असं म्हणायची सोय नाही. हवंला +१, नकोला −१, मधल्याला शून्य. एका माणसाकडून एका सेवेला −३ ते +३ गुण मिळतात. समजा ४० घरं झाली. एक सेवा एकूण १२० वेळा समोर आली, ५८ वेळा सर्वात हवी आणि २१ वेळा सर्वात नको ठरली. ५८ वजा २१, म्हणजे ३७. भागिले १२०, म्हणजे ०.३१ च्या आसपास. सातही सेवांचे असे आकडे काढून उतरत्या क्रमाने लावले की झालं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होणारं काम आहे. सात कार्डांना पंधरा मिनिटं पुरतात.

कार्डं पोस्टकार्डाएवढी, एका सेवेला एक चित्र आणि चार-पाच शब्द. लॅमिनेट करा, नाहीतर जूनच्या हवेत आठवड्यात वाकतात आणि बुरशी धरतात. सुरुवातीला सरावाचं कार्ड द्या: बांगडा, सुरमई, मोरी, यातली सर्वात आवडती कुठली, सर्वात नावडती कुठली? माळकरी घर असेल तर फणस, भेंडी, लाल भोपळा. नियम एका मिनिटात कळतो आणि घरात हसू येतं, ते पुढच्या प्रश्नांसाठी बरंच. कार्डांचा क्रम प्रत्येक घरी पिसून बदला.

चुका होतात त्या बहुतेक कार्ड लिहिताना. एका सेवेला ‘मोफत, घरपोच, तज्ज्ञ नर्स’ आणि दुसरीला नुसतं ‘बैठक’ लिहिलंत तर तुम्ही पसंती मोजत नाही, जाहिरात मोजता. सगळ्या सेवांना सारखंच सांगा: काय, कितीदा, कुठे. दुसरं, जी सेवा देण्याची ऐपत नाही ती कार्डावर घालू नका. २४ तास रुग्णवाहिका घातलीत की ती पहिली येणार, आणि नंतर वाडीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तिसरं, रोख पैसे हा आठवा पर्याय ठेवायचा मोह आवरा. पैसे प्रत्येक कार्डावर जिंकतात आणि बाकीच्यांतला फरक दिसेनासा होतो. पैशाची अडचण वेगळ्या प्रश्नाने विचारा, आणि पाच नंबरच्या सेवेत ती बऱ्याच अंशी येतेच. कॅन्सरच्या रुग्णाला उपचार आणि तपासणीसाठी रेल्वेने जाताना स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के. फक्त रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. महात्मा जोतिराव फुले योजनेसाठी रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करायला हवं. ही कामं करून देणारा माणूस स्वस्तातली सेवा आहे आणि यादीत तिला कमी लेखलं जातं, कारण ‘कागदपत्रं’ या शब्दाला वजन नाही. कार्डावर ‘तिकीट-सवलत, योजना, दाखले करून देणारं माणूस’ असं लिहा.

यापेक्षा बारीक मोजायचं असेल तर निवड-प्रयोग ही पद्धत आहे, जिथे एकाच सेवेचे घटक बदलत दोन-दोन पर्याय समोर ठेवतात: कोण येणार, कुठे, किती दिवसांनी, किती खर्च. चार घटक, प्रत्येकाचे तीन प्रकार धरले तरी ८१ जुळण्या होतात, त्यांच्या जोड्या ३,२४०. त्यातून मोजक्या निवडायला आणि नंतर आकडे सोडवायला संख्याशास्त्रज्ञ लागतो. एखाद्या महाविद्यालयाची साथ असेल तर करा. नसेल तर कार्डांवरून पहिली सेवा ठरवून तिच्यापुरते दोन साधे प्रश्न विचारलेत तरी चालेल: फोनच हवा की घरी भेट? रविवारी की बाजाराच्या दिवशी?

कोणाला विचारायचं, यावर निकाल पालटतो. गावातली सून आणि मुंबईतला मुलगा यांची कार्डं वेगळ्या पाकिटात ठेवा, बेरीज कधीही एकत्र करू नका. मुलगा लांबून दिसणाऱ्या गोष्टी निवडतो, नर्स आणि गाडी. सुनेला मोकळे चार तास हवे असू शकतात आणि ते ती त्याच्यासमोर म्हणणार नाही. म्हणून गणपतीत घर भरलेलं असताना जाऊन दोघांचं एकदम उरकणं सोयीचं दिसलं तरी करू नये. मुलाची कार्डं फोनवर व्हॉट्सअॅपच्या फोटोंनी घेता येतात. तिची मात्र समोर बसूनच.

वेळही महत्त्वाची. मार्च ते मे आंब्या-काजूची घाई, जुलैत लावणी. तेव्हा विचारलंत तर ‘चार तास बसणारं माणूस’ वर चढतं. पावसात घाटात दरड आली, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर गेली की ‘गाडी’ वर चढते. मच्छीमार वस्तीत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पुरुष घरी असतात, तेव्हा बाईला थोडी उसंत असते आणि हातात पैसा नसतो. एकाच मोसमातल्या पाहणीवर वर्षाची सेवा ठरवू नका. निम्मी घरं जानेवारी-फेब्रुवारीत, निम्मी ऑगस्टमध्ये घेतलीत तरी फरक दिसतो. मोसम बदलला तरी जी सेवा पहिल्या तिघांत टिकते ती वर्षभर चालवा, जी वरखाली होते ती त्या-त्या महिन्यांपुरती.

खर्चाचं बोलायचं तर कार्डांना छपाई आणि लॅमिनेशन सोडून काही लागत नाही. सीएसनॅटचा खरा खर्च माणसांचा: दोन कार्यकर्ते, एका दिवसात तीन-चार घरांपेक्षा जास्त होत नाहीत, कारण वाड्या लांब आणि बोलणं लांब. विचारताना कोणी खचलेलं दिसलं, जगावंसं वाटत नाही असं बोललं, तर कागद बाजूला ठेवा, त्यांना एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर तिथेच लावून द्या. ही तयारी नसेल तर भावनांचे प्रश्न विचारायला जाऊच नका.

आकडे हाती आल्यावर एक गोष्ट हमखास निसटते. काळजी घेणाऱ्यांची बैठक आणि समुपदेशन यांचे सरासरी गुण शून्याच्या जवळ आले की त्या सेवा ‘नको’ म्हणून कापल्या जातात. सरासरी शून्य दोन प्रकारे येतं: सगळ्यांनी मधलं ठरवलं म्हणून, किंवा निम्म्यांनी +३ आणि निम्म्यांनी −३ दिले म्हणून. प्रत्येक घराचे गुण ओळीने मांडून बघा. +३ देणारी घरं बहुतेक एका प्रकारची निघाली, म्हणजे एकटी बाई सांभाळतेय, नवरा बोलू शकत नाही, मुलं बाहेरगावी, तर ती सेवा तेवढ्याच घरांसाठी छोट्या प्रमाणात ठेवा; दहा घरांना महिन्यातून एकदा समुपदेशक भेटवायचा खर्च तालुकाभर गाडी फिरवण्याच्या मानाने फारच थोडा येतो.